आपला मारिओ सावकाश धावत होता

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या जपानी टीव्ही गेमच्या पहिल्या टप्प्यात वरच्या कोपऱ्यात ४०० हा आकडा दिसतो आणि लगेच उतरू लागतो. तो सेकंद मोजत नाही. टीव्हीच्या दर २४ फ्रेममागे (फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारं एकेक चित्र) एक, असा त्याचा हिशेब आहे. जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला जवळपास ६० फ्रेम जातात, म्हणून तिथे ४०० संपायला सुमारे १६० सेकंद लागतात. भारताने टीव्हीसाठी पाल पद्धत घेतली, तिच्यात सेकंदाला ५० फ्रेम. त्यामुळे नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या टीव्ही गेमच्या पाल संचांवर तेच ४०० संपायला १९२ सेकंद लागत. मारिओ सुमारे सतरा टक्के सावकाश धावत होता. कासवं सावकाश चालत होती आणि मागचं गाणंही त्याच संथ लयीत वाजत होतं.

हा मारिओ आज कुठे विकत मिळत नाही. मारिओची मूळ कंपनी निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या जुन्या संचाचा ३० खेळ भरलेला छोटा अवतार काढला, त्यातला मारिओ ६० फ्रेमचा. फोनवर उतरवून घेतलेला इम्युलेटरही (जुन्या यंत्राचं काम करून दाखवणारा प्रोग्राम) न विचारता ६० वरच सुरू होतो. तो खेळताना पहिल्याच खड्ड्यात पडल्यावर ‘लहानपणी आपला हात किती बसलेला होता’ असा सुस्कारा निघतो. त्यात वयाचा दोष थोडा आणि फ्रेमचा बराच असतो.

टीव्ही गेमच्या आठवणींवर मराठीत आता पुष्कळ लिहिलं जातं. त्या लिखाणात फोटो जपानी किंवा अमेरिकी यंत्राचा असतो आणि नाव निन्टेन्डोचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत मात्र निन्टेन्डो आलाच नव्हता. आली होती त्याची नक्कल. आठवण खरी आणि तिच्यातली वस्तू नकली, हे मोकळेपणाने मान्य केल्याशिवाय या पिढीच्या खेळाचं जतन होणार नाही. आणि जतन करायचं तर त्या नकलेचंच करायला हवं. अस्सल यंत्र सांभाळायला जग बसलं आहे. नकली यंत्राला कुणी वाली नाही, आणि आपला कायदाही त्याच्या आड येतो.

आधी यंत्र समजून घेऊ. निन्टेन्डोचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजे फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आला. किंमत १४,८०० येन. आत रिको कंपनीच्या दोन मुख्य चिप होत्या. एक प्रोसेसरची, ६५०२ या त्या काळच्या लोकप्रिय प्रोसेसरवर बेतलेली. आवाजही तीच काढायची. दुसरी फक्त चित्र काढणारी. कामाची मेमरी २ किलोबाइट, चित्रासाठी आणखी २. १९८५ मध्ये हेच यंत्र अमेरिकेत गेलं तेव्हा त्याला ७२ पिनांची खाच आणि परवान्याशिवायची कॅसेट चालू न देणारी कुलूप-चिप लावली गेली. जपानी फॅमिकॉमची खाच ६० पिनांची होती आणि तिला कुलूप नव्हतं. पुढच्या सगळ्या नकलाबाजीला एवढी फट पुरली. तैवानच्या यूएमसी कंपनीने दोन्ही चिपांना पर्याय बनवले. नंतर दोन्हींचं काम एकाच चिपमध्ये कोंबलं गेलं, आणि संच इतका स्वस्त झाला की पूर्व युरोपपासून भारतापर्यंत तो खेळण्यांच्या दुकानात पोचला. आपल्याकडे ‘समुराई’ नावाने निन्टेन्डोचा परवाना असलेला संचही होता. पण घराघरांत दिसले ते ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांचे. काहींना कीबोर्ड होता. त्यात बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा आणि टायपिंगचे धडे असत, म्हणून तो ‘कॉम्प्युटर’ म्हणून घरात येई, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा टीव्ही गेम झालेला असे.

नक्कल म्हटलं की हलकी प्रत डोळ्यांसमोर येते. इथे ते पुरतं खरं नाही. ६० फ्रेमसाठी लिहिलेला खेळ ५० फ्रेमच्या टीव्हीवर चालवणं ही साधी गोष्ट नव्हे. निन्टेन्डोने युरोपसाठी जो पाल संच काढला त्यात प्रोसेसरचा वेग १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झवर उतरला. त्यामुळे खेळ तर मंदावलेच, शिवाय ज्या खेळांत खास दुरुस्ती केली नव्हती त्यांचे सूरही अर्ध्या पट्टीहून अधिक खाली गेले, आणि वेळेचा काटेकोर हिशेब धरून लिहिलेल्या काही खेळांचं चित्र फाटायचं. तैवानी पाल चिपांनी प्रोसेसर १.७७ वर ठेवला, म्हणजे जवळपास मूळ वेगावर. पालच्या ३१२ ओळींपैकी ज्या जादा होत्या, त्या चित्र संपल्यावर लगेच, रिकाम्या जाऊ दिल्या. ५१ ओळी गेल्यावर मग प्रोसेसरला ‘आता चित्र बदल’ हा इशारा मिळतो आणि त्यानंतर २० ओळींचा अवधी उरतो. मूळ जपानी यंत्रातही तो २० ओळींचाच आहे. त्यामुळे जपानी कॅसेट एक अक्षर न बदलता आपल्या टीव्हीवर चालली. लय संथ झाली, पण सूर जागेवर राहिले. हे काम नक्कल करणाऱ्याने मूळ कंपनीपेक्षा सरस केलं, असं माझं मत आहे.

आवाजात मात्र एक घोळ राहिला. फॅमिकॉममध्ये चौकोनी लहरींचे दोन आवाज असतात आणि त्या लहरीची रुंदी बदलून स्वराचा पोत बदलतो. बऱ्याच नकली चिपांमध्ये २५ आणि ५० टक्के या दोन रुंदींची अदलाबदल झालेली आहे. जिथे स्वर पोकळ, बासरीच्या बाजूचा हवा तिथे तो नाकातला येतो, आणि उलटही. असा संच खेळून मोठा झालेला माणूस इम्युलेटरवर तेच गाणं ऐकतो तेव्हा काहीतरी वेगळं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. सांगता येण्याजोगं आहे: दोन आकडे उलटे जोडले गेले होते.

हे सगळं ‘मेसेन’सारख्या इम्युलेटरमध्ये परत मिळवता येतं. प्रदेशाच्या यादीत एनटीएससी (जपान-अमेरिकेची पद्धत), पाल आणि ‘डेंडी’ असे पर्याय आहेत. त्यातला डेंडी निवडायचा. आवाजाच्या सेटिंगमध्ये चौकोनी लहरींची रुंदी उलटवण्याची खूण आहे, ती करायची. दोन क्लिकमध्ये आपला संथ मारिओ हजर होतो. आता त्या पर्यायाचं नाव पाहा. डेंडी हा रशियातला नकली संच. स्टीपलर नावाच्या कंपनीने तो १९९२ च्या अखेरीस तिथे विकायला काढला, त्याला हत्तीचं बोधचिन्ह दिलं, टीव्हीवर त्याचा कार्यक्रम चालवला. पोलंडमध्ये असाच ‘पेगासस’ होता, चीनमध्ये ‘सुबोर’. तिथल्या लोकांनी नकलेला नकलेच्याच नावाने लक्षात ठेवलं, चिप उघडून मोजली, मोजलेलं लिहून ठेवलं. म्हणून ५० फ्रेमच्या त्या वेळापत्रकाला जगभर ‘डेंडी’ हे नाव मिळालं. त्याच जातीच्या चिपा आपल्या बुधवार पेठेत आणि लॅमिंग्टन रोडवर दुरुस्त होत होत्या. आपण मात्र मनातल्या मनात आपल्या डब्यावर निन्टेन्डोचं नाव चिकटवून मोकळे झालो.

कॅसेटचं प्रकरण याहून अवघड आहे. (कार्ट्रिज हा शब्द तेव्हा कुणी वापरत नसे, गाण्याची ती कॅसेट आणि गेमचीही कॅसेट.) ‘९९९९ इन १’ असं छापलेल्या कॅसेटमध्ये खेळ बहुधा दहा-वीसच असतात. यादीतली पुढची नावं त्याच खेळांची. त्यात कुठे सुरुवातीची पातळी बदललेली, कुठे जिवांची संख्या वाढवलेली, कुठे फक्त नाव फिरवलेलं. यादीतला क्रमांक निवडला की मेन्यूचा प्रोग्राम त्या खेळाचा मेमरीचा तुकडा जोडतो आणि सुरुवातीचे एकदोन आकडे आधीच भरून ठेवतो. ‘कॉन्ट्रा’ या कोनामी कंपनीच्या गोळीबाराच्या खेळात सुरुवातीलाच तीस लाइफ मिळतात त्या अशा. मूळ खेळात त्यासाठी शीर्षकाच्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए असं दाबावं लागतं. काही बोर्डांवर सोल्डरच्या छोट्या पट्ट्या असतात. त्या कशा जोडल्या आहेत त्यावर मेन्यू कोणता दिसायचा ते ठरतं. म्हणजे बोर्ड तोच, आतला डेटा तोच, पण एक कॅसेट ‘५२ इन १’ म्हणून विकायची आणि दुसरी काही लाखांची. शीर्षकाच्या पडद्यावरून मूळ कंपनीचं नाव आणि साल बहुतेकदा पुसलेलं असतं.

अशा कॅसेटला अभिलेखागारात काय मोल, असं विचारलं जाईल. मला तिचंच मोल जास्त वाटतं. मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटचा आहे, सकाळी येणाऱ्या सुप्रभातच्या चित्रापेक्षा लहान, आणि त्याच्या प्रती जगात असंख्य ठिकाणी सुरक्षित आहेत. अमुक मेन्यू, अमुक चुकीचं स्पेलिंग, अमुक क्रमाने लावलेले खेळ आणि मुद्दाम वाढवलेली लाइफ असलेली कॅसेट मात्र कदाचित कुण्या एका माळ्यावरच उरली असेल. आपल्या मुलांनी कोणते खेळ खेळले हे जपानी कंपनीच्या विक्रीच्या आकड्यांवरून कधीच कळणार नाही. ते या मेन्यूंवरूनच कळेल.

खेळ जपण्याची गरज फक्त आपल्यासारख्या नकलाबहुल देशांनाच आहे असंही नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी करून सांगितलं की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. हे त्या देशातलं चित्र, जिथे खेळ अधिकृतपणे विकले गेले आणि नोंदले गेले. आपल्याकडच्या नकली बाजाराची तर नोंदच नव्हती.

आता कायद्याकडे वळू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचं संरक्षण मिळालं. साहित्यकृतीची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. मारिओच्या निर्मात्यांपैकी शिगेरू मियामोतो आजही निन्टेन्डोत काम करतात. म्हणजे त्या साठ वर्षांची मोजणी सुरूही झालेली नाही. कलम ५२ मध्ये अपवाद आहेत. प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे, त्याला ती हरवली किंवा बिघडली तर हाताशी असावी म्हणून राखीव प्रत करता येते. पण नकली कॅसेट जवळ असलेल्याचा ताबा कायदेशीर कसा म्हणायचा? तीस वर्षांपूर्वी बापाने दुकानात रोख पैसे मोजून घेतली, एवढ्याने ती पायरी ओलांडता येत नाही. दुसरा अपवाद २०१२ च्या दुरुस्तीने आला. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवता येते, पण त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून हवी. पुस्तक समोर ठेवून लिहिलेली ही अट आहे. कॅसेटमधली रॉम (खेळ साठवलेली चिप) जन्मतःच डिजिटल; तिची डिजिटल नसलेली प्रत कुठून आणणार? शब्दशः वाचलं तर ग्रंथालयाला फाटकं मासिक स्कॅन करता येतं, पण मरत चाललेली गेमची कॅसेट उतरवून ठेवता येत नाही.

१९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत मुंबईसह चार ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. सॉफ्टवेअर त्यात नाही. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते निघण्याआधी आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते आणि नायट्रेट फिल्मची रिळं त्यातल्या चांदीसाठी गाळली गेली होती. भंगारवाला आज जुन्या बोर्डांचं तेच करतो, फक्त धातू वेगळा. २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या अनुसूचीत खेळण्यांच्या गटात व्हिडिओ गेमचं नाव ठळक आहे. आपल्या नियमपुस्तकांनी या वस्तूची दखल घेतली ती कचरा म्हणून.

दुरुस्ती मोठी नको. ग्रंथालयांच्या अपवादातून ‘डिजिटल नसलेली’ ही अट प्रोग्रामपुरती काढावी, आणि जतनासाठी स्वीकारलेल्या वस्तूच्या मूळ परवान्याची चौकशी संस्थेच्या माथी मारू नये. बदल्यात संस्थेने ती प्रत आवाराबाहेर जाऊ देऊ नये. एखाद्या विद्यापीठाच्या किंवा जुन्या नगर वाचनालयाच्या एका खोलीत हे मावतं: पंचवीस-तीस संच, शंभरेक कॅसेट, दोन चालू ट्यूबचे टीव्ही, कॅसेट वाचून तिचा डेटा संगणकावर उतरवणारं एक उपकरण आणि सोल्डरिंग येणारा एक माणूस.

यावर येणारा आक्षेप सरळ आहे. मुळात चोरी होती, तिला सार्वजनिक पैशाने मान का द्यायचा? आक्षेपातलं पहिलं वाक्य बरोबर आहे आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. कोनामी किंवा निन्टेन्डोला त्या कॅसेटींतून एक पैसा मिळाला नाही. यंत्राची बाजू काळाने निपटली: पेटंटची मुदत वीस वर्षांची, १९८३ च्या यंत्रावरची पेटंटं कधीच संपली, त्यामुळे तशी चिप बनवणं आज गुन्हा नाही. खेळांवरचा हक्क मात्र शाबूत आहे. म्हणून संग्रहात ठेवणं आणि विकणं यांत मी कडक रेघ ओढीन. हातात मावणारे, रंगीत पडद्याचे ‘४०० इन १’ डबे आज रस्त्यावर आणि ऑनलाइन सर्रास मिळतात. ते आठवणींच्या नावावर चाललेलं निव्वळ दुसऱ्याचं विकणं आहे. ज्याला ‘कॉन्ट्रा’ खेळायचाच आहे त्याला कोनामीने २०१९ मध्ये काढलेला जुन्या कॉन्ट्रांचा संग्रह रीतसर विकत घेता येतो, आणि त्याने तो घ्यावा. (वीस वर्षांनी हे ४०० खेळांचे डबेही कुणाचं तरी बालपण असतील आणि त्यांचाही एक नमुना ठेवावा लागेल, हे ओघाने आलंच.) चोरीचा इतिहास जपणं म्हणजे चोरी चालू ठेवणं नव्हे. पुराभिलेखागारात बनावट सनदाही असतात. त्या बनावट आहेत असं लिहून ठेवलेल्या असतात.

दुसरा आक्षेप जास्त बुद्धीचा आहे: डेटा उतरवला, इम्युलेटरमध्ये डेंडी निवडलं, काम झालं, डबे कशाला सांभाळायचे? याचं उत्तर टीव्हीवर रोखून खेळायच्या बंदुकीत आहे. बदकांच्या खेळात चाप ओढला की पडदा एका फ्रेमपुरता पूर्ण काळा होतो. पुढच्या फ्रेममध्ये बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक आधी काळोख आणि मग उजेड असा क्रम पाहतो. आधीच उजेड दिसला तर नेम धरला जात नाही, म्हणून दिव्याकडे रोखून बदक पडत नाही. मूळ बंदुकीत आणखी एक चाळणी आहे. ट्यूबच्या टीव्हीवर शलाका सेकंदाला सुमारे साडेपंधरा हजार ओळी रेखाटते, आणि त्या लयीत लुकलुकणाऱ्या उजेडालाच बंदूक दाद देते. एलसीडीवर ती लुकलुक नाही, शिवाय चित्र काही फ्रेम उशिरा येतं. म्हणून तिथे एकही बदक पडत नाही. संच दुरुस्त करा, बंदूक बदला, काही उपयोग नाही. ट्यूबचा टीव्ही गेला की हा खेळ गेला.

लुकलुकणाऱ्या शत्रूंचंही तसंच. चित्राची चिप एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृती काढू शकते. ‘कॉन्ट्रा’त दोघे खेळाडू, गोळ्या आणि शत्रू एका रांगेत आले की नववी आकृती दिसेनाशी होते, म्हणून खेळ आळीपाळीने आकृत्या गाळतो आणि त्या लुकलुकतात. ट्यूबवर डोळा ते चालवून घेतो. एलसीडी मात्र जुना सिग्नल एकाआड एक ओळींचा समजून दोन फ्रेम एकत्र विणतो. मग गोळी अर्धी दिसते, कधी दिसतच नाही. अमुक टीव्हीवर खेळ ‘खराब’ दिसतो अशी तक्रार करणाऱ्यांच्या संचात अनेकदा काहीच बिघडलेलं नसतं.

संस्था उभ्या राहीपर्यंत माळ्यावरचे डबे घरातल्या लोकांच्याच हातात आहेत, आणि ते मरतात ते बहुतेकदा कौतुकानेच. वीस-पंचवीस वर्षांनी काढायचा, मुलांना दाखवायला म्हणून लगेच पिनला लावायचा आणि धूर काढायचा. आधी ॲडॅप्टर तपासा. त्यावर ९ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी जुना साधा ट्रान्सफॉर्मरचा ॲडॅप्टर भाराशिवाय मल्टीमीटरवर १२–१३ दाखवतो. त्याने घाबरू नये. ध्रुव महत्त्वाचा. या जातीच्या बहुतेक संचांत पिनच्या मधल्या भोकात ऋण आणि बाहेर धन असतं, तर आजच्या राउटर-मॉडेमच्या ॲडॅप्टरमध्ये बहुधा उलट. दोन्हींची पिन एकमेकांत बसते. उलट प्रवाह अडवणारा डायोड स्वस्त संचांत अनेकदा नसतोच.

मग संच उघडा. तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने आवळलेला असतो. त्याच्याकडे १२ व्होल्ट आले तर तो त्यांचे ५ करतो आणि उरलेले ७ व्होल्ट उष्णता म्हणून टाकतो. पाव अँपिअर धरला तरी पावणेदोन वॉट. स्क्रू ढिला असेल तर तो तापून स्वतःच बंद पडतो. खेळ दहा मिनिटं चालून अडकतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो, त्याचं नेहमीचं कारण हेच. कॅसेट न लावता त्याच्या तिसऱ्या पायावर (छापील बाजू समोर आणि पाय खाली धरले तर उजवीकडच्या) ४.८ ते ५.२ व्होल्ट यायला हवेत. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळला आहे. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच दुसरा घ्यावा, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. पुण्यात तपकीर गल्लीत तो चिल्लर पैशांत मिळतो. ॲडॅप्टरच्या खाचेचे आणि चालू-बंद बटणाचे सोल्डरचे डाग तडकलेले असतात, ते नव्या सोल्डरने पुन्हा द्यावेत.

कॅसेट फुंकू नये. फुंकर मारून ती चालायची, हे खरं. पण चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे, पिनांना नवी जागा मिळाल्यामुळे. तोंडातली वाफ तांब्यावर बसून त्याला हिरवा गंज चढवायची. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानातल्या कापसाची काडी, दोन्ही बाजू, आणि पूर्ण वाळल्यावरच संचात. खोडरबर फक्त काळं पडलेल्या पट्ट्यांवर, हलक्या हाताने. मुलामा पातळ असतो, जोराने घासला की तोच निघतो. संचाच्या खाचेतल्या साठ पिना मात्र सुईने उचकटू नयेत. त्या ढिल्या झाल्या असतील तर खाच बदलणं परवडतं.

खेळायच्या रिमोटचं बटण दाबून दाबून चालत नसेल तर रबराखालची काळी कार्बनची टिकली झिजलेली असते. एकच दिशा कधी लागते, कधी नाही, तर बहुधा वायर तुटलेली असते, तीही रिमोटमध्ये शिरते तिथून दोन बोटांच्या आत. तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडावा.

टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या पिना असतील तर चित्र थेट घेता येतं. संचाला फक्त अँटेनाची वायर असेल तर आतल्या पत्र्याच्या छोट्या डबीकडे पाहा. तिच्यात चार वायरी शिरतात: पाच व्होल्ट, जमीन (ग्राउंड), चित्र आणि आवाज. चित्र आणि आवाजाच्या वायरी डबीच्या आधीच बाहेर काढल्या तर खरखर जाते. पण डबी काढून टाकू नका, मूळ वायरी कापू नका. नंतर कुणाला हा संच मूळ रूपात हवा असेल तर तो दोन डाग काढून परत करता आला पाहिजे.

कॅसेट उतरवून घेणार असाल तर काही करण्याआधी बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, सोल्डरच्या पट्ट्या आणि छोटे रेझिस्टर स्पष्ट येतील असे. आतल्या चिपवर बहुधा काळ्या इपॉक्सीचा थेंब असतो आणि त्यावर नाव नसतं. त्या पट्ट्याच तिची ओळख. डेटा दोनदा उतरवा आणि दोन्ही वेळच्या एसएचए-१ बेरजा (फाइलवरून काढलेला तिच्या ओळखीचा आकडा) जुळतात का पाहा. जुळल्या नाहीत तर बहुधा पिना मळलेल्या आहेत. मोठ्या मेन्यूच्या कॅसेटला तयार सेटिंग सापडत नाही तेव्हा कच्चा डेटा आणि फोटो एकत्र ठेवून द्यावेत. मॅपर (मेमरीचे तुकडे जोडणारी कॅसेटमधली रचना) कोणता ते पुढे कुणीतरी शोधून काढेल. फोटो नसले तर तेही जमणार नाही.

आणि सगळं पुन्हा खोक्यात ठेवताना ॲडॅप्टर त्याच संचाला दोऱ्याने बांधा. त्यावर चिकटपट्टी लावून शाईने लिहा: ९ व्होल्ट, मध्ये ऋण.